१५०-६००ची झूम लेन्स, कमाटीबाग आणि पूर्ण एक उन्हाळा

ओळखीतले तीन-चार जण केव्हापासून विचारतायत की ती मोठी लेन्स घेतलीस ती कशी निघाली, आम्ही घ्यावी का, आणि दरवेळी मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगते आणि विषय राहून जातो, म्हणून आज निवांत बसून सगळं एकदाच लिहितेय. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतली, आता जून लागलाय, मधल्या काळात जवळजवळ प्रत्येक रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ही लेन्स बडोद्याच्या कमाटीबागेत, विश्वामित्री नदीच्या काठाने आणि एकदा वढवाण्याच्या तलावावर फिरून आलीये. बडोद्याचा एप्रिल-मे म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, पारा चाळीसच्या वर गेला की तिथेच मुक्काम करतो, आणि ह्या लेन्सची खरी परीक्षा ह्याच दिवसांत होते, थंडीत तर सगळ्याच लेन्स चांगल्या वाटतात.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, ते मुद्दामच. ह्या रेंजच्या लेन्स दोन-तीन कंपन्या काढतात आणि सगळ्यांचं गणित जवळपास सारखंच आहे, १५० पासून ६०० मिलिमीटर, ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) १५०ला एफ ५ आणि ६००ला पोचेपर्यंत एफ ६.३, वजन दोन किलोच्या आसपास, पुढचा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. मी जे सांगतेय ते ह्या जातीच्या लेन्सबद्दल आहे. माझा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, दीडपट क्रॉपवाला, त्यामुळे ६०० लावल्यावर फ्रेम ९०० मिलिमीटरसारखी दिसते. आणि इथेच सगळ्यांचे डोळे चमकतात, की अरे वा, म्हणजे पार पलीकडच्या काठावरचं पण येणार!

येत नाही. म्हणजे फ्रेममध्ये येतं, पण फोटो येत नाही. ते कसं ते सांगते, कारण बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं वाचाच.

लेन्स घेतल्यावर पहिलाच रविवार. आरामात उठून, चहा-नाश्ता करून साडेनऊला काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर गेले. तिथे मगर बघायला माणसं उभीच असतात, आपल्या शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात ह्याचं बाहेरच्यांना केवढं आश्चर्य वाटतं आणि आपण भाजी घेऊन येताना पुलावरून वाकून बघतो. त्या दिवशी पलीकडच्या काठाला एक चांगली मोठी मगर चिखलावर पसरली होती, जबडा उघडा ठेवून, ऊन लागलं की त्या असा जबडा उघडून अंग थंड करतात. मी कठड्यावर लेन्स टेकवली, ६००ला नेली आणि पन्नास-साठ फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर एकही धड नाही. मगर ओळखू येत होती, पण कडा सगळ्या विरघळल्यासारख्या, पाण्याखालून बघावं तसं. शटर १/२००० सेकंद होतं, हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर चालू होता, फोकस मगरीच्या डोळ्यावर होता. मला धडकीच भरली, वाटलं सेकंडहँड घेतली तिथेच चुकलं, काचच खराब असणार.

ज्यांच्याकडून घेतली ते लग्नाचे फोटो काढणारे आहेत, त्यांना लगेच फोन केला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, लेन्सला काही झालेलं नाही. उद्या सकाळी साडेसहाला त्याच जागी उभ्या राहा, तोच फोटो काढा आणि मग मला सांगा." दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं तरी गेले. मगर होती, तीच होती की दुसरी माहीत नाही, पण जागा तीच. आणि फोटो बघून मी पुलावरच उभी राहिले, पाठीवरचा एक-एक खवला सुटा दिसत होता, खवल्यांच्या खाचेत सुकलेला चिखल दिसत होता, जबड्याच्या कडेचे दात मोजता येत होते.

फरक फक्त हवेचा. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्या लगतची हवा तापून वर उठते, वरची गार हवा खाली येते, आणि ह्या गरम-गार थरांमधून येताना प्रकाश जरा-जरा वाकत राहतो. दुपारी डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं ना, तेच सगळं. डोळ्याला ते जाणवत नाही कारण डोळा एवढं मोठं करून बघतच नाही, पण ६०० मिलिमीटर लेन्स मगर मोठी करते तशी मधली हलणारी हवा पण मोठी करते. ह्याला कुठलंही बटण नाही. शटर वाढवा, ट्रायपॉड लावा, दुप्पट पैसे देऊन महागडी लेन्स आणा, हवा तीच राहणार. कधीकधी फोकसच पुढे-मागे शोधत बसतो, तेही ह्याचमुळे. उपाय दोनच, एकतर सूर्य वर यायच्या आत जा, नाहीतर मधलं अंतर कमी करा.

मग मी बागेत मुद्दाम करून बघितलं. दुपारी बाराला, चांगलं रणरणतं ऊन असताना, वडाच्या सावलीत आठ-दहा पावलांवर एक खार फांदीवर पोट टेकून, चारही पाय लोंबते सोडून पडली होती, उकाड्यात त्या अशाच पडतात, बघितलं असेल तुम्ही. तिचा फोटो ६००लाच काढला. मिशीचा केस न केस वेगळा आला. त्याच वेळी समोरच्या लॉनपलीकडे, साधारण साठ-सत्तर पावलांवर बसलेल्या गायबगळ्याचा काढला तर तो पिठूळ पांढरा डाग. तीच लेन्स, तोच मिनिट.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय की उन्हाळ्यात ही लेन्स लांबचं जवळ आणायला घ्यायची नाही. जवळच्याला न उठवता, न घाबरवता टिपायला घ्यायची. दहा ते पंचवीस मीटर, तेवढी हिची उन्हाळ्यातली जहागीर, आणि तेवढ्यात ही सोनं आहे.

त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेच्या सुरुवातीला बागेच्या एका कडेला, जिथे लॉन संपून उघडी खडेवाली जमीन लागते, तिथे मी खाली बघत चालले होते तर माळीकाका ओरडले, "बेन, जरा दूर रेहजो, टिटोडीए ईंडां मूक्यां छे!" बघते तर खरंच, उघड्यावर, नुसत्या खड्यांच्या खळग्यात टिटवीची चार अंडी, खड्यांसारखीच मातकट आणि काळे ठिपके, सांगितलं नसतं तर पायच पडला असता. माळीकाकांचा हिशोब असा की चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, आणि अंडी उंचवट्यावर आहेत म्हणजे पाणी भरपूर. आमची आजीपण असंच म्हणायची. खरं-खोटं असो, त्यांनी त्या जागेभोवती चार विटा लावून ठेवल्या होत्या, गवत कापायचं मशीन तिकडे नेत नव्हते, ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

मी वीसेक पावलं मागे एका बाकाच्या आडोशाला खाली बसले, लेन्स बाकाच्या दांडीवर टेकवली आणि वाट बघत राहिले. सकाळचे साडेसात होऊन गेलेले, ऊन अंड्यांवर यायला लागलं होतं. टिटवी अंड्यांवर बसली होती, चोच उघडी, गळा थरथरतोय. मग ती उठली, तुरुतुरु चालत लॉनच्या पाइपमधून गळून साचलेल्या डबक्याशी गेली, आणि मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल, पण ती पाण्यात बसली. छाती आणि पोट बुडवून, पिसं फुलवून, डावीकडे-उजवीकडे हलून अंग चांगलं भिजवून घेतलं. तशीच निथळत परत आली आणि अंड्यांवर ओलं पोट टेकवून बसली. अंडी गार ठेवायला टिटव्या असं करतात हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. पोटाच्या पिसाच्या टोकाला एक थेंब लोंबकळत होता आणि त्याच्या बरोबर खाली अंड्याचं ठिपकेदार कवच, ती फ्रेम मिळाली मला. त्या एका फोटोसाठी मी ह्या लेन्सचे सगळे पैसे वसूल धरते.

आता विचार करा, हाच फोटो मोबाईलने काढायचा तर दोन हातांवर जावं लागलं असतं. माझ्यासमोर एक जोडपं गेलंच होतं तसं, चांगली माणसं होती, नुसतं कौतुक होतं त्यांना, पण ते जवळ गेले की टिटवी उठली आणि टीटीटी करत डोक्यावर घिरट्या घालायला लागली, आणि अंडी उन्हात उघडी पडली. मेच्या उन्हात अंडी उघडी राहिली तर थोड्याच वेळात आतला जीव भाजून निघतो. मी जाऊन त्यांना सांगितलं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला, ते लगेच मागे आले आणि मग माझ्याच शेजारी बसून बघत राहिले. अशा वेळी ही लेन्स हातात असणं ही एक सोय नाही, ती त्या पक्ष्याला दिलेली जागा आहे.

हे झालं कौतुक. आता जे खटकतं ते पण मोकळेपणाने सांगते.

सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. एफ ६.३ हे ॲपर्चर उन्हात ठीक, पण उन्हाळ्यात प्राणी-पक्षी उन्हात असतात कुठे? ते सगळे सावलीत शिरलेले. आणि कमाटीबागेची सावली म्हणजे साधीसुधी नाही, महाराज सयाजीरावांनी १८७९ मध्ये वसवलेली बाग, सव्वाशे-दीडशे वर्षांचे वड आणि पिंपळ, खाली भर दहा वाजता संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. एप्रिलमध्ये धनेशाच्या ढोलीवर बसले होते तेव्हा हे चांगलंच जाणवलं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक अरुंद फट तेवढी ठेवते, आणि पिल्लं होईपर्यंत नर तिला बाहेरून भरवतो. नर येतो, शेजारच्या फांदीवर बसतो, मान जरा मागे टाकतो आणि गळ्यातून एक-एक वडाचं फळ चोचीच्या टोकाशी आणून फटीतून आत देतो, मी एका फेरीत बावीस फळं मोजली. विलक्षण दृश्य आहे ते, पण उजेड इतका कमी की १/५०० शटर ठेवायलाही आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००च्या वर जात होता आणि माझ्या छोट्या सेन्सरवर त्याचा दाणेदारपणा दिसतोच. १/२५०ला उतरले तर स्टॅबिलायझर माझा हात सांभाळतो, पण धनेशाची मान कोण थांबवणार. शेवटी मी तो ज्या क्षणी फळ चोचीत धरून थांबतो तेवढाच क्षण पकडायला शिकले, आणि बाकी वेळ बोट बटणावरून काढून नुसती बघत बसायला लागले. ढोली कुठल्या झाडावर ते लिहीत नाही, राग मानू नका, गर्दी झाली की नर यायचा थांबतो आणि आत मादी उपाशी राहते. आणि फ्लॅश तर विषयच नको.

दुसरं वजन. दोन किलो ऐकायला काही नाही, पीठ आणतोच की आपण, पण दोन किलो डोळ्यासमोर धरून दहा मिनिटं उभं राहून बघा. पहिल्या महिन्यात माझं मनगट आणि खांदा दोन्ही बोलायला लागले. बाबा रोज बागेत फिरायला येतात, त्यांनीच एकदा बघून सांगितलं, "अगं, हाताने कशाला पेलतेस, एक काठी घे की." मग मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घेतला. बाबांना म्हटलं तुम्ही पण एकदा बघा ह्यातून, तर त्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि पाच मिनिटं काढलाच नाही, समोर तांबट पक्षी ढोलीतून भुसा बाहेर फेकत होता. आता त्यांच्या फेऱ्या कमी आणि माझ्याबरोबरचं बसणं जास्त झालंय, आई त्यावरून रागावते. मोनोपॉड नक्की घ्या, लेन्सच्या बजेटमध्येच धरा, ट्रायपॉड बागेत अडचणीचा होतो, लहान मुलं पळत असतात.

उन्हात काळी नळी किती तापते ह्याची कल्पना मला नव्हती. अर्धा तास उघड्यावर राहिली की हात लावायला नको. आईने बाबांच्या जुन्या पांढऱ्या पंचाचं कव्हर शिवून दिलंय, खाली नाडी, झूमची रिंग फिरवायला मधे फट. बाजारात अशी कव्हरं छान हिरव्या-तपकिरी डिझाइनची मिळतात, पण उन्हाळ्यात पांढरं सुती कापड त्यापेक्षा कितीतरी बरं, आणि मधेमधे ओलं करून पिळून घातलं तर आणखी बरं. आणखी एक, गाडीतल्या एसीतून लेन्स काढून लगेच उन्हात फोटो काढायला जाऊ नका. गार नळी गरम हवेत आली की हुडच्या, म्हणजे पुढे लावायच्या नळकांड्याच्या, आतच हवा हलायला लागते आणि जवळचे फोटो पण मऊ येतात, पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच सवय होऊ द्या. मेपर्यंत कोरडं असतं म्हणून चालतं, जूनमध्ये दमट झालं की गार काचेवर चक्क बाष्प धरतं. मी आता रात्री बॅग एसीच्या खोलीत ठेवतच नाही, बाहेर दिवाणखान्यात असते.

फिल्टरचं सांगायचं राहिलं. विकत घ्यायच्या आधी मी एका दुकानातून दोन दिवस अशीच लेन्स भाड्याने आणली होती, तिच्यावर पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला होता आणि दोन्ही दिवसांचे सगळे फोटो पुसट आले, समोरून उजेड आला की फोटोभर धुकं. लेन्स परत करायच्या एक तास आधी सहज फिल्टर काढून चार फोटो काढले आणि काच काढल्यासारखं सगळं स्वच्छ झालं. एवढ्या लांब लेन्सवर साधा फिल्टर म्हणजे खिडकीच्या काचेतून फोटो काढणं. ९५चा चांगला फिल्टर घ्यायचा तर तो फार महाग, म्हणून मी काहीच लावत नाही, हुड कायम लावते, तेवढं संरक्षण पुरतं. भाड्याने आणणाऱ्यांनी पहिलं काम हेच करा.

झूम केली की नळी बाहेर येते आणि परत आत जाते, त्याबरोबर हवा आत-बाहेर होते आणि हवेबरोबर आपली बडोद्याची धूळ. वादळी वाऱ्याच्या दिवशी सारखं आत-बाहेर करू नका. चालताना लॉकचं बटण दाबून ठेवा, नाहीतर खाली तोंड करून लटकवली की नळी आपोआप घसरते.

फोकसचा वेग बसलेल्या पक्ष्याला उत्तम, उडणाऱ्या शिंजिराला अपुरा. व्हिडिओ मी काढत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

जवळचा फोकस मात्र मला अनपेक्षित सुख देऊन गेला. पावणेतीन मीटरपर्यंत ही जवळ येते, आणि तेवढ्यावरून ६००ला काढलं की फुलपाखरू नाहीतर भुंगा फ्रेमभर होतो. बहावा फुलला होता तेव्हा मी पक्षी सोडून आठवडाभर त्याच्याच मागे होते. पिवळे घोस लोंबतायत, त्यावर काळा कुळकुळीत मोठा भुंगा येतो, बहाव्याच्या त्या वाकड्या लांब केसरांना धरून अंग थरथरवतो, आवाज बदलतो त्याचा, आणि पराग त्याच्या अंगावर उडतात. काळ्या पाठीवर पिवळी पूड, मागे सगळं पिवळंधमक धूसर. मॅक्रो लेन्स घेऊन एवढ्या जवळ गेले असते तर तो उडालाच असता. भर दहाच्या उन्हात काढलेत हे फोटो, कारण अंतर कमी, म्हणजे मधली हवा कमी.

उन्हाच्या उजेडाबद्दल एवढंच, की साडेसहा ते साडेआठ उघड्यावर, त्यानंतर फक्त सावलीत, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा उघड्यावर. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली घ्या, नाहीतर पिसांचा सगळा पोत जळून जातो. ह्या दिवसांत वंचकाकडे मुद्दाम बघा. वर्षभर मातकट दिसणारा तो बगळा विणीच्या काळात पाठीवर गडद मरून शाल पांघरतो, आणि सकाळच्या तिरप्या उजेडात त्या शालीचा रंग असा काही येतो की संगणकावर काही करावं लागत नाही. दुपारी काही काढायचंच असेल तर जुन्या उंच झाडांवरची वटवाघळं बघा, उलटी लटकून एका पंखाने वारा घेत असतात, अगदी आपण वीज गेल्यावर वर्तमानपत्राने घेतो तसा.

वढवाण्याला नेली होती एप्रिलमध्ये, त्याबद्दल थोडक्यात. डभोईच्या बाजूचा तो मोठा तलाव, तोही गायकवाडी काळातला, २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, थंडीत तिथे हजारोंनी बदकं आणि राजहंस उतरतात. उन्हाळ्यात पाहुणे परतलेले, पाणी आटून पार लांब गेलेलं, आणि आठ वाजायच्या आतच क्षितिज थरथरायला लागलं. पुढचे सगळे फोटो वाया. तिथे ही लेन्स डिसेंबरात न्यावी. तीन तासांचं पेट्रोल आणि ऊन घालवण्यापेक्षा मला त्या दिवशी घराजवळच्या बागेतलं डबकं जास्त देऊन गेलं असतं, आणि हेच मी नव्यांना सांगते, की उन्हाळ्यात जिथे पाणी गळतं, झिरपतं, कुंडीखालची बशी भरलेली असते, तिथे सावलीत बसा. सगळं जग पाणी प्यायला तिथे येतं.

आता पैशांचं. नवी लेन्स लाखाच्या घरात जाते, माझी सेकंडहँड असल्यामुळे पुष्कळ कमीत पडली. सेकंडहँड घेणार असाल तर मोबाईलचा टॉर्च मागून लावून आत बुरशीचं जाळं आहे का बघा, झूमची रिंग सगळीकडे सारखी फिरते का, मधे अडकते का बघा, आणि वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून ६००ला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा, एक कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. हे सगळं सकाळी किंवा घरात करा, दुपारच्या उन्हात कराल तर माझ्यासारखीच चांगल्या लेन्सवर शंका घ्याल.

कोणी घेऊ नये? ज्यांना मुख्यतः फुलपाखरं, फुलं आणि बागेत खेळणारी मुलं काढायचीयत त्यांना ७०-३०० पुरते, हलकी असते, रोज पिशवीत राहते. ज्यांना फक्त पुलावरून मगर हवीये त्यांनीही थांबा, सकाळी लवकर उठायची तयारी असेल तरच घ्या. मगरीवरून आठवलं, ह्या दिवसांत, पावसाच्या तोंडावर, काठावरच्या बिळातून पिल्लं बाहेर येतात आणि आई आसपासच असते, त्यामुळे लेन्स कितीही लांबची असली तरी काठावर खाली उतरू नका, पुलावरूनच काढा. २०२४च्या ऑगस्टच्या पुरात मगरी वस्तीत आल्या तेव्हा आपण सगळे घाबरलो होतो, पण बाकीचं वर्षभर आपणच त्यांच्या काठावर जात असतो.

माझं म्हणाल तर मी ही लेन्स विकणार नाही. परवाच्या रविवारी गेले तर विटांच्या मधला खळगा रिकामा होता, पोटात गोळाच आला. तेवढ्यात माळीकाका हसत आले आणि बोटाने गवताकडे दाखवलं. चारपैकी तीन पिल्लं होती, कापसाच्या बोंडाला काड्यांचे पाय लावावेत तशी, आई एक आवाज करायची आणि तिन्ही जागच्या जागी चपटी व्हायची. ह्यावेळी ६००ची गरजच पडली नाही, ४००वर काढले, कारण तिन्ही एका फ्रेममध्ये हवी होती.

ज्यांना घ्यायची की नाही हे ठरत नाहीये त्यांनी आधी एक सकाळ माझी वापरून बघा. पाऊस लागेपर्यंत दर रविवारी सहा वाजता काळ्या घोड्याकडच्या गेटपाशी असते मी, येताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि पाण्याची बाटली आणा, छास मी आणते.